चॅट्सवर्थला पावसात जावे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडमध्ये शेफिल्डला राहते. मुलांकडे चार-सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा, नवीन आलेले विद्यार्थी, सुट्टीत डोकावणारे नातेवाईक या सगळ्यांना एकदा तरी डर्बिशायरमधले चॅट्सवर्थ हे भव्य जुने घर पाहायचे असते. तिकिटे आठवडाभर आधी काढून होतात आणि आदल्या रात्री हवामानाच्या ॲपवर ढग दिसले की फोन सुरू होतात. तेच ते प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरे एकदा सविस्तर लिहून काढते आहे.

उद्या दिवसभर पाऊस सांगितला आहे. बेत रद्द करावा का?

नको, जा. इथे पावसाला आपल्यासारखा ठराविक हंगाम नाही, तो वर्षभर केव्हाही येतो. कोरडा दिवस बघून जाऊ म्हणत बसलात तर तुमचा व्हिसा संपेल. शिवाय इथला पाऊस बहुतेक वेळा रिपरिप स्वरूपाचा असतो. अर्धा तास पडतो, थांबतो, पुन्हा भुरभुरतो. अर्धा दिवस घराच्या आत सहज जातो आणि उरलेल्या वेळात एखादी उघडीप मिळतेच. मात्र वादळी वाऱ्याचा इशारा असेल तर गोष्ट वेगळी. जुनी मोठी झाडे असलेल्या बागा अशा वेळी बंद ठेवतात. त्या दिवशी निघण्याआधी चॅट्सवर्थच्या संकेतस्थळावर नक्की पाहा.

हे नेमके आहे काय? राजवाडा, किल्ला की संग्रहालय?

तिन्हीपैकी काहीच नाही. इंग्रजीत याला ‘कंट्री हाउस’ म्हणतात, म्हणजे मोठ्या जमीनदार सरदार घराण्याचे गावाकडचे घर. ही जागा 1549 मध्ये सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्याची बायको बेस ऑफ हार्डविक यांनी 600 पौंडांना घेतली. दोघांनी बांधलेले घर आज दिसत नाही. त्यांचा वंशज पहिला ड्यूक ऑफ डेव्हनशायर याने 1687 ते 1707 या वीस वर्षांत एकेक बाजू पाडत जवळजवळ सगळे घर नव्याने उभारले. डेव्हनशायर हा परगणा इंग्लंडच्या नैर्ऋत्येला आहे, घर मात्र डर्बिशायरमध्ये, त्यामुळे नकाशात शोधताना चुकू नका. घराणे आजही इथेच राहते. घर, बाग आणि आतल्या वस्तू यांची व्यवस्था 1981 मध्ये स्थापन झालेला धर्मादाय न्यास पाहतो.

नॅशनल ट्रस्टचा पास चालतो का?

नाही. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या दुसऱ्या संस्थेचा, इंग्लिश हेरिटेजचाही, चालत नाही. इथले तिकीट वेगळे काढावे लागते आणि ते स्वस्त नाही. घर व बाग मिळून एक आणि फक्त बागेचे दुसरे, अशी तिकिटे असतात. पावसात जाणार असाल तर घर-बाग दोन्हीचेच घ्या. घराभोवतीच्या मोकळ्या माळावर, जिथे मेंढ्या चरतात, फिरायला मात्र तिकीट लागत नाही.

पाऊस असताना मजा काय येणार? सगळे तर म्हणतात, ऊन हवे.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि माझे मत लोकांच्या उलट आहे. चॅट्सवर्थ हे पावसाच्या पाण्यावर उभे राहिलेले घर आहे. घराच्या पूर्वेला टेकडी, टेकडीवर दाट झाडी आणि त्यामागे उघडा, पाणथळ माळ. या माळावर पडलेले पाणी चरांनी वळवून वरच्या तलावांत साठवतात आणि तिथून नळांनी खाली बागेत सोडतात. बागेतल्या जुन्या कारंज्यांना पंप नाही. पाणी उंचावरून खाली येते, त्या दाबावरच ती उडतात.

याची कमाल म्हणजे एम्परर कारंजे. रशियाचा झार पहिला निकोलस 1844 मध्ये इंग्लंडला येणार होता. सहाव्या ड्यूकला त्याच्या स्वागतासाठी युरोपातले सर्वांत उंच कारंजे हवे होते. त्याचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने घरापेक्षा सुमारे 350 फूट उंचावर आठ एकरांचा तलाव खोदून घेतला. काम सहा महिन्यांत उरकायचे म्हणून रात्रीही कंदिलांच्या उजेडात खोदाई चाले. कारंजे तयार झाले, त्याची धार 296 फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे, पण झार काही चॅट्सवर्थला आला नाही. त्याच्या पदवीवरून पडलेले नाव तेवढे राहिले. पुढे 1893 मध्ये याच पाण्यावर जनित्रे बसवून घरात वीज आणली. ती 1936 पर्यंत चालली आणि 1988 मध्ये नव्या जनित्रावर पुन्हा सुरू झाली.

आता कोरड्या वर्षाची गोष्ट. 2018 च्या उन्हाळ्यात इथे कडक अवर्षण झाले. दक्षिणेकडची हिरवळ करपली आणि तिच्यावर 1699 च्या सुमारास आखलेल्या जुन्या बागेची नक्षी उमटली. वाफे, वाटा, वळणे, सगळे. तिच्यावर हिरवळ पसरून जवळपास तीनशे वर्षे झाली होती. दृश्य विलक्षण होते खरे, पण तलावात पाणी कमी असले की कारंजी जपून चालवावी लागतात. म्हणून पाऊस पडत असेल तर मला वाटते, हे घर आज पोटभर पाणी पिते आहे. त्याची खरी तब्येत पाहायची तर असाच दिवस हवा.

आत काय पाहायचे? किती वेळ लागतो?

भरभर गेलात तर दीड तास, मनासारखे पाहायचे तर तीन. पावसात बाहेर पडायची घाई नसते, त्यामुळे तीन तास द्याच.

सुरुवात पेंटेड हॉलपासून होते. भिंती आणि छत दोन्हींवर लुई लागेर या फ्रेंच चित्रकाराने ज्युलियस सीझरच्या आयुष्यातले प्रसंग रंगवले आहेत. मान दुखेपर्यंत वर पाहाल. त्यानंतर देवघर लागते. ते सतराव्या शतकाच्या अखेरीस झाले तसेच्या तसे आहे. वरच्या मजल्यावरचे शाही दालन राजा तिसरा विल्यम आणि राणी मेरी उतरायला येतील म्हणून सजवले होते. तेही आले नाहीत. पुढे झारही आला नाही. न आलेल्या पाहुण्यांसाठी या घराने दोनदा जीव टाकला, आणि आज ते वैभव तुमच्या-माझ्यासारख्यांना पाहायला मिळते.

याच मजल्यावर संगीताच्या खोलीत अर्धवट उघड्या दाराआड एक व्हायोलिन टांगलेले दिसेल. ते लाकडाचे नाही, दारावर रंगवलेले आहे. यान व्हॅन डर व्हार्ट या चित्रकाराचे हे काम. मी कितीतरी वेळा पाहिले, तरी दर वेळी एक क्षणभर खरेच वाटते. लहान मुलांना आधी सांगू नका.

जेवणाच्या मोठ्या दालनात 1832 मध्ये तेरा वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया पहिल्यांदा मोठ्यांच्या पंगतीला बसली होती.

सगळ्यात शेवटी शिल्पदालन, आणि माझ्या मते ढगाळ दिवशी पाहायची खरी जागा हीच. तिथे उजेड छतातल्या काचांतून उतरतो. लख्ख उन्हात संगमरवर डोळ्यांवर येतो, ढगाळ उजेडात मात्र त्यावरची प्रत्येक घडी मऊ दिसते. राफाएले मोंटी या इटालियन शिल्पकाराची बुरखा घेतलेली तरुणी इथे आहे. दगडातून कोरलेला बुरखा, आणि त्यातून चेहरा दिसतो! काचेवर पावसाचे थेंब वाजत असतील तर तिथल्या बाकावर दहा मिनिटे बसून राहा.

ओली छत्री, रेनकोट, चिखलाचे बूट यांचे काय?

दारातच बुटांचे तळ पायपुसण्यावर नीट घासा. चिखलातले बारीक खडे जुन्या लाकडी फरशीवर सँडपेपरसारखे चालतात. टोकदार लांब छत्री आत उघडू नका, काठीसारखी टेकत चालू नका. बंद करून हातात किंवा पिशवीत ठेवा. तिथले मदतनीस सांगतील तिथे ठेवलीत तर उत्तमच. पाठीवरची सॅक पुढे घ्या, वळताना ती कुठे लागली हे आपल्याला कळत नाही. उंच बारीक टाचांचे बूट नकोत, सगळे वजन एका बिंदूवर येऊन लाकडाला खड्डा पडतो. साडी नेसणार असाल तर जरूर नेसा, फक्त ती घोट्याच्या वर राहील अशी. ओले काठ खोलीभर फिरवत नेणे त्या गालिच्यांनाही बरे नाही आणि तुम्हालाही नाही. पायमोज्यांचा एक जादा जोड जवळ ठेवा. हा सल्ला ऐकणारे नंतर आभार मानतात.

आत इतका अंधार का असतो? आणि गारठाही?

बाहेर आभाळ भरलेले आणि आत पडदे ओढलेले, त्यामुळे आलेल्यांना वाटते की वीज वाचवत आहेत. कारण वेगळे आहे. रेशीम, विणलेले भिंतपट, कागदावरची रेखाचित्रे, जलरंग हे सगळे उजेडाने विटतात, आणि विटलेला रंग परत येत नाही. अशा वस्तूंसाठी संग्रहालयांत साधारण 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचे एकक) एवढाच उजेड ठेवण्याची पद्धत आहे. डोळ्यांना सरावायला पाच मिनिटे लागतात, मग रंग आपोआप उमलतात.

गारठ्याचेही तसेच. हवेतला ओलावा स्थिर राहिला पाहिजे. कोरड्या गरम हवेत लाकूड तडकते, दमट हवेत बुरशी धरते. आपल्याकडे कोकणात आषाढात ट्रंकेतल्या कपड्यांना येणारा वास आठवा, म्हणजे या लोकांची चिंता कळेल. दुसऱ्या महायुद्धात या घरात मुलींची एक शाळा मुक्कामाला होती. वेल्सहून आलेल्या पेनरोस कॉलेजच्या मुली 1939 ते 1946 इथे राहिल्या. शाही दालनांत रांगेने खाटा टाकलेल्या. एवढ्या मुलींच्या नुसत्या श्वासाच्या वाफेने काही चित्रांच्या मागे बुरशी धरली. श्वासाने एवढे होत असेल तर रोज ओल्या कोटांतून येणारे शेकडो पाहुणे काय करू शकतील! म्हणून खोल्या फार गरम ठेवत नाहीत. आत गेल्यावर स्वेटर काढू नका.

एवढे जुने छत गळत नाही का?

सव्वा एकराहून मोठे छत आहे, त्यावर शिशाचे पत्रे. गळती हा अशा प्रत्येक घराचा कायमचा शत्रू. पन्हळीत पाने अडकली की पाणी तुंबते, भिंतीत मुरते आणि आतले रंगवलेले छत फुगते. म्हणून पन्हळी साफ ठेवणे हे इथे चित्रे जपण्याइतकेच मोठे काम आहे. दहा वर्षांहून अधिक काळ चाललेली दुरुस्ती 2018 मध्ये पूर्ण झाली, तिला 3 कोटी 20 लाख पौंडांहून अधिक खर्च आला. दगड बदलले, छत सारखे केले, खिडक्यांच्या चौकटींना पुन्हा सोन्याचा वर्ख लावला. ढगाळ दिवशीही तो चमकतो.

आणि हे घर उरलेच याचेही मला अप्रूप वाटते. दहावा ड्यूक 1950 मध्ये अचानक वारला आणि वारसा हक्काचा कर 80 टक्के बसला. घराण्याने जमिनी विकल्या, मोठमोठी चित्रे दिली, बेसने बांधलेला हार्डविक हॉल सरकारला दिला. देणे मिटायला 1974 उजाडले. इंग्लंडमधली शेकडो मोठी घरे विसाव्या शतकात याच ओझ्याखाली पाडली गेली.

बाग पावसात पाहता येते का?

येते. 105 एकर आहे, सगळी पाहायचा हट्ट धरू नका. गवतावरच्या वाटा निसरड्या होतात, खडीच्या वाटांवरून चला. दगडांच्या बागेत वेलिंग्टन रॉक नावाचा उंच रचलेला कडा आहे, त्यावरून पाणी कोसळते. पावसात तो काळा कुळकुळीत दिसतो आणि शेवाळ पेटल्यासारखे हिरवे. जवळच धातूचा एक ‘विलो’ वृक्ष आहे. तो आपणहून पाणी उडवतो. मूळचा 1690 च्या दशकातला, आताचा नंतर केलेला. छोट्या व्हिक्टोरियाला तो फार आवडला होता. अंगावर आधीच रेनकोट असल्यामुळे पावसाळी पाहुण्यांना त्याची भीती नाही.

‘कॅस्केड’ म्हणजे टेकडीवरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा तीनशे वर्षांचा पाण्याचा जिना. पायऱ्यांच्या लांबी-रुंदीत फरक ठेवला आहे, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी पाण्याचा आवाज बदलतो. तो झिजून गळू लागल्याने त्याची मोठी दुरुस्ती काढली आहे, तेव्हा वाहता दिसेलच असे धरून जाऊ नका.

झुडपांची भुलभुलय्या वाट जिथे आहे तिथे पूर्वी पॅक्स्टनचे प्रचंड काचघर होते, ‘ग्रेट स्टोव्ह’. 277 फूट लांब, 67 फूट उंच. आत उष्ण कटिबंधातली झाडे, मधून घोडागाडी जाईल एवढा रस्ता, आणि ऊब द्यायला आठ बॉयलर. कोळसा जमिनीखालच्या बोगद्यातून येई, म्हणजे धूर-काजळी पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडे गारठून मेली आणि 1920 मध्ये सुरुंग लावून ते पाडले. जुन्या पायाच्या भिंती अजून दिसतात. त्या भिजलेल्या दगडांशी उभे राहिले की मला प्रत्येक वेळी हळहळ वाटते.

पॅक्स्टन माळी होता ना? मग लंडनच्या क्रिस्टल पॅलेसशी त्याचे नाव कसे जोडले जाते?

पावसामुळेच, असे म्हटले तर चूक नाही. काचेच्या छपरावरचे पाणी काढायचे कसे, हा काचघर बांधणाऱ्याचा पहिला प्रश्न. पॅक्स्टनने चॅट्सवर्थला नांगरटीसारखे छप्पर वापरले, वरंबा-सरी, वरंबा-सरी. सरीतून पाणी वाहून जाते. पुढे त्याने अशी लाकडी पन्हळ काढली की बाहेरचे पावसाचे पाणी मधल्या खाचेतून आणि काचेला आतून सुटणारा घाम बाजूच्या खाचांतून वाहून जाई. 1849 च्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनकडच्या महाकाय कमळाला, व्हिक्टोरिया लिलीला, ब्रिटनमध्ये पहिले फूल आले ते इथे. त्याच्या पानावर त्याने आपल्या लहान मुलीला, ॲनीला, उभे केले होते. पानाच्या खालच्या शिरांची बांधणी त्याच्या मनात बसली. दोन वर्षांनी, 1851 च्या महाप्रदर्शनासाठी, हेच सगळे ज्ञान क्रिस्टल पॅलेस या प्रचंड काचेच्या इमारतीच्या रूपाने लंडनच्या हाइड पार्कमध्ये उभे राहिले.

केळ्याचा या घराशी संबंध आहे म्हणतात, ते खरे का?

खरे आहे, आणि जळगावकरांना मी हे आवर्जून सांगते. पॅक्स्टनने 1830 च्या दशकात इथल्या काचघरात एक बुटकी केळ वाढवली. 1835 मध्ये ती फुलली. घराण्याच्या आडनावावरून तिचे नाव पडले ‘कॅव्हेंडिश’. मूळ जात चीनकडची, मॉरिशसमार्गे इंग्लंडला आलेली. इथली काही रोपे एका मिशनऱ्याबरोबर पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर गेली आणि तिथून पुढे पसरली. आज जगभर जी केळी निर्यात होतात त्यांतली बहुतेक सगळी कॅव्हेंडिश कुळातली. रावेर-यावलच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या लावलेली बसराई म्हणजे बुटकी कॅव्हेंडिशच, आणि आताची टिश्यू कल्चरची ग्रँड नैन, आपली जी-नाइन, तीही त्याच कुळातली. आपल्याकडची केळ चॅट्सवर्थहून आली असे याचा अर्थ नाही, नाव मात्र इथले. काचघरात आजही केळी आहेत, पण आत सोडतीलच असे नाही.

भारताशी आणखी काही नाते?

आहे, आणि तेही पावसातूनच. सहाव्या ड्यूकला ऑर्किडचे वेड होते. त्याने 1835 मध्ये जॉन गिब्सन या आपल्या तरुण माळ्याला भारतात पाठवले. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात तिथला प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच याच्या मदतीने तयारी करून तो खासी टेकड्यांत, चेरापुंजीला गेला. जगातल्या सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी एक! तिथल्या झाडांवर वाढणारी ऑर्किडे त्याने गोळा केली आणि काचेच्या बंद पेट्यांतून समुद्रमार्गे इथे आणली. खासी टेकड्यांतल्या एका डेंड्रोबियम ऑर्किडला त्याचे नाव आहे, दुसऱ्याला ड्यूकचे. ब्रह्मदेशातले लाल झुंबरांसारख्या फुलांचे ॲमहर्स्टिया झाडही त्याने 1837 मध्ये आणले. चेरापुंजीच्या धुक्यातली रोपे डर्बिशायरच्या थंडीत कोळशाच्या उबेवर जगवायची, केवढा खटाटोप. त्या टेकड्यांवरून किती काय उपटून नेले, हाही विचार मनात येतो, आणि तो यायलाच हवा.

मुंबईकरांसाठी आणखी एक. माळापलीकडे घराण्याचेच गाव आहे, स्पेलिंगवरून ‘एडेन्सोर’ वाटते पण म्हणतात ‘एन्झर’. तिथले चर्च सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी उभारले, 1860 च्या दशकाच्या शेवटी. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच आराखड्याचा आणि जवळपास त्याच काळातला. पावसात ओलसर झालेला चर्चचा मनोरा पाहून ओव्हल मैदान आठवले नाही तर सांगा. पॅक्स्टनची कबरही याच आवारात आहे.

आईचे गुडघे दुखतात. जमेल का?

जमेल. घरात लिफ्ट आहे, पण चाकाची खुर्ची लागणार असेल तर आधी फोन करून सांगा. अधूनमधून बसायला जागा असतात. बाग चढाची आहे. ओल्या उतारावर त्यांना नेऊ नका, दक्षिण बाजूच्या सपाट वाटेवरून कारंजे छान दिसते.

कसे जायचे?

लंडनच्या सेंट पँक्रसहून चेस्टरफिल्डला रेल्वेने साधारण दोन तास, पुढे टॅक्सी किंवा बस. शेफिल्डहूनही बस आहे. रविवारी आणि संध्याकाळी बस विरळ असतात. पावसात उघड्या थांब्यावर तासभर कुडकुडण्यापेक्षा परतीची वेळ आधी लिहून घ्या. हिवाळ्यात नाताळचा बहर संपला की घर काही आठवडे बंद असते.

डबा नेला तर चालेल का?

घरात खाता येत नाही, बागेत चालते. पाऊस असेल तर गाडीत बसून थर्मासमधला चहा आणि थालीपीठ, याला तोड नाही. जुन्या तबेल्याच्या इमारतीत उपाहारगृहे आहेत, शाकाहारी मिळते. जवळच्या बेकवेल गावचे ‘बेकवेल पुडिंग’ प्रसिद्ध आहे, पण त्यात अंडे असते, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

मध्येच पाऊस थांबला तर आधी कुठे धावायचे?

दक्षिणेकडच्या लांब हौदाच्या दूरच्या टोकाला. तिथून मागे वळून पाहा. समोर एम्परर कारंजे, त्यामागे घर. सूर्य तुमच्या पाठीमागे असेल आणि वारा तुमच्याकडे येत नसेल तर तुषारांत इंद्रधनुष्य दिसण्याची शक्यता असते. कॅमेऱ्याची काच पुसायला कोरडा रुमाल आतल्या खिशात ठेवा, बाहेरचा भिजलेला असेल.